खासगी खिडकीतला तारा

ती काळी खिडकी मला माझ्या मुलानेच दाखवली. रविवारची दुपार होती. लॅपटॉप माझा, शाळेच्या कामासाठी घेतलेला. पोषण आहाराची नोंद, मुलांची हजेरी, वरून मागवलेली माहिती, सगळं त्यावरच भरायचं. पण घरात एकच लॅपटॉप असला की तो कोणा एकाचा राहत नाही. मुलाने माझ्या शाळेचं पान बाजूला सारलं, कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर दाबलं आणि एक काळं पान उघडलं.

"हे काय होय?" मी विचारलं.

"खासगी खिडकी हाय, आई. यातनी काय पाह्यलं ते मांगं राह्यत नाई. बंद केली का सारं पुसलं."

"अन् तू काय पाहून राह्यला?"

"काई नाई, हापिसचं," असं म्हणून त्याने लॅपटॉप थोडा स्वतःकडे वळवला. मी पुन्हा विचारलं नाही. मोठा मुलगा, लग्न झालेला. त्याचं काही असेल.

हे गेले त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. मी धनजजवळच्या एका खेड्यात शिक्षिका आहे. सकाळी कारंज्याहून एसटीने जायचं, संध्याकाळी एसटीने परत. मुलाचं लग्न होईपर्यंत घरात आम्ही दोघं होतो आणि तो जेवताना तरी बोलायचा. लग्नानंतर तो बायकोशी बोलायला लागला. यात त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. सूनही चांगली. कारंज्यातच एका क्लासमध्ये संगणक शिकवते, हाताला चपळ, उलट बोलत नाही. पण ती दोघं आतल्या खोलीत हसली की मी बाहेर टीव्हीचा आवाज वाढवायची. त्यांना अवघडू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगायची.

बसमध्ये माझ्या शेजारी आमच्या शाळेतल्याच एक मॅडम बसायच्या. मुसलमान, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या. त्यांच्या मावसबहिणीने पंचावन्नाव्या वर्षी दुसरा निकाह केला होता. ते सांगताना त्यांनी आवाजही खाली केला नाही.

"लोक काही बोलले नाहीत?" मी विचारलं.

"बोलले ना. चार महिने बोलले, मंग थकले. तुमी पाहा एकदा, मॅडम. देखने में क्या जाता है?"

मी हसण्यावारी नेलं. पण आठवड्याभराने, शाळेतून आल्यावर, सून यायला तासभर असताना, मी ती काळी खिडकी उघडली.

दुसऱ्या लग्नासाठीची ती वेबसाइट होती. विधवा, विधुर, सोडलेले, सुटलेले. माहिती भरताना 'अपेक्षा' असा एक रकाना आला. बावन्न वर्षांच्या आयुष्यात मला हे कोणी लेखी विचारलं नव्हतं. मी लिहिलं, 'बोलणारा असावा.' फोनवर आलेला आकडा टाकला, मेसेज पुसला, खिडकी बंद केली. मग साधी खिडकी उघडून शाळेची हजेरी भरली. मागे काहीच राहिलं नव्हतं. मुलगा म्हणाला होता तसंच.

दोन-तीन आठवड्यांनी वाशीमच्या एका गृहस्थांचा निरोप आला. सरकारी खात्यातून निवृत्त, वय अठ्ठावन्न, बायको वारलेली, मुलगी पुण्यात. पहिल्याच निरोपात त्यांनी विचारलं होतं, 'तुमच्याकडे अंबाडीच्या भाजीत कण्या घालतात की ज्वारीचं पीठ?' मी लिहिलं, 'कण्या. पिठाने ती चिकट होते.' दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर, 'मी दोन वर्षं पीठ घालत होतो. म्हणूनच.' मी एकटीच लॅपटॉपसमोर बसून मोठ्याने हसले. आमच्या घरात मी कधी शेवटची मोठ्याने हसले होते ते मला आठवेना.

मग रोज एक निरोप. प्रेमाबिमाचं काही नाही. त्यांच्या गुडघ्याचं, माझ्या बसचं, माझ्या वर्गातल्या एका मुलीने 'पाऊस' या निबंधात फक्त छपराच्या पत्र्याबद्दल लिहिलं त्याचं. त्यांचं पान दर वेळी शोधावं लागायचं, कारण ती खिडकी खरोखरच सगळं विसरायची. एक दिवस वरच्या ओळीत टोकाला एक छोटा तारा दिसला. दाबला की पान जपून ठेवता येतं हे मला शाळेच्या कामामुळे माहीत होतं. मी दाबला. दुसऱ्या दिवशी काळी खिडकी उघडली तर वर पट्टीवर त्यांच्या पानाचं नाव होतं. मला वाटलं, या खिडकीची स्वतःची वेगळी वही असणार. जी खिडकी काही बाहेर जाऊ देत नाही, ती आपल्या खुणाही आतच ठेवत असेल. हे मला इतकं साधं वाटलं की तपासून पाहावं असं मनातसुद्धा आलं नाही. साध्या खिडकीत मी थेट शाळेचं पान उघडायची आणि तिथे ती पट्टी दिसतच नसे.

त्याच आठवड्यात सुनेला सातवा महिना लागला. ओटी भरायला तिचे आईवडील किन्हीराजाहून आले, सोबत तिची काकू. जेवणं झाली. व्याह्यांना लग्नाचा व्हिडिओ पुन्हा पाहायचा होता. मुलाने माझा लॅपटॉप वायरने टीव्हीला जोडला. मी आत चहा गाळत होते. त्याने नवीन पान उघडलं आणि ती पट्टी टीव्हीवर आली, भिंतीएवढ्या अक्षरांत.

विहीणबाई मोठ्याने वाचत होत्या. त्यांना टीव्हीवर आलेलं सगळं मोठ्याने वाचायची सवय आहे.

"पुनर्विवाह... विधुर, वय अठ्ठावन्न, वाशीम. हे काय होय वो जावईबापू?"

मी ट्रे घेऊन दारात उभी होते.

"जाहिरात असंन," मुलगा म्हणाला. त्याने ती घालवायला म्हणून दाबलं आणि त्या वेबसाइटचं पहिलंच पान उघडलं. दोन म्हाताऱ्या माणसांचा हात धरलेला फोटो. काकू तोंडावर पदर धरून हसली.

"जाहिरात अशी वरती येत नाई," सून हळूच म्हणाली. "कोनीतरी जपून ठेवलं हाय ते." बोलून गेली आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. आपण बोललो ते चुकलं हेही तिला त्याच क्षणी कळलं.

व्याही चष्मा काढून पुसायला लागले. मुलाचा चेहरा मी बघितला. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"मित्रानं नेला होता लॅपटॉप," तो म्हणाला. "त्याच्या काकासाठी पाहून राह्यला होता."

मी चहा दिला. सगळ्यांनी घेतला. लग्नाचा व्हिडिओ लागला, त्यात मी मुलाला हळद लावत होते. मी त्या खोलीत बसून तो शेवटपर्यंत पाहिला.

पाहुणे गेल्यावर मुलगा माझ्यासमोर येऊन बसला. सून आतच राहिली.

"तुह्यं हाय ना ते?"

"हो."

"आमी तुले कमी पडलो काय, आई?"

मी काय सांगणार? हो म्हटलं तर तो दुखावणार, नाही म्हटलं तर मी खोटी. मी म्हटलं, "तूच म्हणाला होता, यातनी काही राह्यत नाई."

"म्हंजे माह्यापासून लपवाले वापरलं तू ते?"

"अन् तू कोणापासून लपवाले वापरत होता? मी इचारलं काय तुले?"

त्याचे कान लाल झाले. मग उसळून म्हणाला, "बाबाचा फोटो हाय भितीवर अजून. अन् माही सासू माह्या घरात बसून तुह्यं वाचून राह्यली होती. मले काय वाटलं असंन?"

"तुले काय वाटलं ते समजलं मले. मले काय वाटलं ते इचारशीन काय कधी?"

त्याने विचारलं नाही. त्याने लॅपटॉप ओढला, काळी खिडकी उघडली आणि मधल्या बारीक इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं. "हे पाह्य. लिहेल हाय इथं. डाउनलोड अन् खुना राह्यतात. वाचलं नाई तर त्यांची काय चूक?"

लिहिलं होतं, खरंच. चार महिने ते पान मी रोज उघडत होते आणि ती अक्षरं रोज माझ्यासमोर होती. मी शिक्षिका आहे, तेवढं इंग्रजी मला येतं. पण दार उघडून आत जाणारा माणूस चौकटीवरचं वाचत बसत नाही. ज्याने ही खिडकी बनवली त्याला माणूस ती का उघडतो हे माहीत असणारच. मग मी तारा दाबला त्या क्षणी त्याने मला एवढंच विचारायचं होतं: ही खूण बाहेरही दिसेल, ठेवू का? एक प्रश्न. फाइल पुसताना दोनदा विचारतात, बंद करताना विचारतात, नको तिथे कुकी घेऊ का म्हणून विचारतात. जिथे बाईची अब्रू टांगलेली असते तिथे मात्र पान उघडतानाच एकदा बारीक अक्षरांत सांगून मोकळे होतात. खासगी म्हटलं तर ते खासगी असलं पाहिजे. आत केलेलं आत राहावं आणि जे बाहेर जाणार असेल ते त्या वेळी, तोंडावर, माझ्या भाषेत सांगावं. अर्धवट विसरणाऱ्यापेक्षा काहीच न विसरणारा बरा. त्याच्यापुढे माणूस निदान जपून वागतो.

हे सगळं मी त्या कंपनीला लिहिलंसुद्धा. 'तुमचं मत कळवा' असा रकाना असतो त्यात, मोडक्या इंग्रजीत, दोन परिच्छेद. धन्यवाद असं उत्तर लगेच आलं. त्यापुढे काही नाही.

मुलगा म्हणाला, "बंद करून टाक ते. आता बाळ येऊन राह्यलं घरात." तो शेजारी बसला आणि मी त्याच्यासमोर खातं काढून टाकायला दाबलं. वाशीमच्या गृहस्थांचा एक निरोप न वाचलेला होता. मुलगा बसलेला असताना मला तो उघडता येईना. 'थोडं बाहेर जाशील काय?' एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. याचा दोष मी कोणत्याही खिडकीला देत नाही.

वर ती वेबसाइट म्हणाली की खातं महिनाभर ठेवू, मन बदललं तर परत या. जे पुसलं जायला हवं होतं ते राहिलं होतं आणि जे पुसावंसं वाटत नव्हतं तेही महिनाभर राहणार होतं. तो महिना मी एकेक दिवस काढला. परत गेले नाही. सून बाळंतपणाला किन्हीराजाला गेली, घरात मी आणि मुलगा. दोघं समोरासमोर जेवायचो आणि मीठ कमी आहे की जास्त एवढंच बोलायचो. मग महिना संपला.

नात झाली. सून परत आल्यावर एक दिवस बाळाला तेल लावताना, मान वर न करता ती म्हणाली, "आई, तुमी ते बंद कराले नोतं पाह्यजे."

"तेव्हा काहून नाई बोलली?"

"माही आई बसेल होती तिथं."

"अन् ती गेल्यावर?"

बाळ रडायला लागलं, तिने उचलून घेतलं. मला तिचा राग आला, खूप राग आला. मुलाचा आला नव्हता इतका. तिला सगळं समजत होतं म्हणून असेल. नंतर तिने मला दुसरा एक ब्राउझर लॅपटॉपमध्ये घालून दिला, वेगळ्या पासवर्डचा. मी तो एकदाही उघडला नाही.

बसमधल्या मॅडमनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, जमलं नाही. त्यांनी खोदून विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "तुमचं पोरगं मोठं झालं, पर बाप बनून बसलं." मी खिडकीबाहेर बघत राहिले. आमच्या तूरपट्ट्यातल्या शेतांत त्या वर्षी तुरीवर मर रोग आला होता, पट्टेच्या पट्टे वाळलेले.

गेल्या हिवाळ्यात प्रशिक्षणासाठी वाशीमला जावं लागलं. दुपारीच सुटलं. ते गृहस्थ कोणत्या वसाहतीत राहतात एवढं त्यांनी कधीतरी लिहिलं होतं, घर नंबर नाही. बसस्टँडबाहेर मी एका ऑटोवाल्याला विचारलं, ती वसाहत किती लांब.

"धा मिंटं. बसा, मावशी."

"नाही, फक्त विचारलं."

"मंग इचारता कायले?" तो म्हणाला आणि दुसऱ्या सवारीकडे वळला.

काय बोलले असते जाऊन? तुम्ही पाठवलेला शेवटचा निरोप मी वाचला नाही, त्यात काय होतं? त्यांना तर वाटलं असेल, बाईला कंटाळा आला, की दुसरं कोणी मिळालं. आपण कोणाला तरी असं न सांगता सोडून आलो, हे माझ्या नावावर राहिलं आणि ते खोटं आहे असं सांगायला मी दहा मिनिटं ऑटोत बसले नाही.

कारंज्याची गाडी लागली होती. मी चढले. मंगरूळपीर येईपर्यंत शेजारची बाई तिच्या मुलीच्या सासरचं सांगत होती. मी हो, हो म्हणत होते.