मिनूने काढलेली आरतीची वाट

फोन बंगळुरूहून आला. मिनूचा नवरा होता. "मावशी, मिनू गेली..." एवढंच म्हणाला. दीड महिना होत आला. आजार होता, ते ठाऊक होतं हो. पण तिला अजून थोडी वर्षं हवी होती, आणि तीही कामासाठी. म्हणून जीव जास्त तुटतो.

मिनू माझ्या बहिणीची मुलगी. बहीण लवकर गेली, तेव्हापासून ती नार्व्यात, आमच्या गावी, माझ्यापाशीच वाढली. पुढे शिकून ती क्वांटम कॉम्प्युटरचे अल्गोरिदम शोधायला लागली. मी शाळा फार पाहिली नाही, वाचलं ते आपलं आपण. तेव्हा तिने सांगितलं तेवढंच सांगते. हे यंत्र आपल्या कॉम्प्युटरहून निराळ्या जातीचं, अजून कच्चं, फार चुकतं. त्याच्याकडून लोकांच्या उपयोगाचं काम करून घ्यायची रीत शोधायची. औषधांच्या गाड्या कुठून कुठे गेल्या तर फेरा कमी पडेल, असली कामं. एका गणेश चवथीला तिने गंमत म्हणून आमच्याच वाड्यावरची, म्हणजे वस्तीतली, घरं त्या यंत्राला घातली. घुमट, ते मातीच्या मडक्याचं वाद्य, वाजवत आरतीवाले घरोघर फिरतात, त्यांची जवळची वाट काढली. वाट खरंच जवळची निघाली... एवढी, की मेळ दारात हजर आणि त्यांना द्यायची चण्याची उसळ अजून चुलीवर! घुमटवाल्यांचे म्होरके धाकूदादा भडकले. "अगो मिने, तुझ्या मशिनीन आमका उपाशी मारल्यान!" मिनू हसून हसून खालीच बसली. "दादा, उसळ शिजाक वेळ लागता, तो मी धरूकच नाय!"

दुसऱ्या वर्षी तो धरला. त्याच रीतीवर तिने मोठा लेख लिहिला, वाहवा झाली, खऱ्या गाड्यांच्या कामाला ती रीत लावायचं घाटत होतं. आणि मग तिनेच एक दिवस साध्या कॉम्प्युटरवर वेगळ्या युक्तीने तोच प्रश्न घालून पाहिला. तो तिथे लवकर सुटला. तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की इथे क्वांटमची गरजच नाही. कित्येक वर्षांचं काम, आपल्याच हाताने पुसलं. मी कळवळून म्हटलं, "कशाक सांगलंस गो? कोणाक कळला असता?" तर म्हणाली, "मावशे, मगे माझ्या मागसून येणारो फुकटच ह्याच वाटेन चलत रवतलो." आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तेवढ्यात आजार निघाला.

शेवटच्या सुट्टीत ती दिवसभर दारातल्या सोप्यावर, त्या बांधलेल्या बैठकीवर असायची. पाय पोटाशी, दोन्ही बाजूंना कागद पसरलेले. आता नवीच रीत हाती लागली होती. "ही लागतली, मावशे," म्हणायची. मी बाजूला टेकायला गेले की कागद न उचलताच स्वतः बोटभर सरकायची. ती रीत लागते की नाही, हे बघायला तीच राहिली नाही. दिवसकार्याला तिच्यासोबत काम करणारी एक मुलगी आली होती. कागद जपून घेऊन गेली. "यंत्र सुधारायला वेळ आहे, पण आम्ही पुढे नेऊ," म्हणाली. नेतील... पण उरलेला अर्धा धागा तिच्या डोक्यात होता, तो कुठून आणणार?

दारातला सोपा आता मोकळा आहे, चार जणं ऐसपैस बसतील एवढा. संध्याकाळी मी जाऊन बसते, पण अजून कडेलाच, अर्धी बाहेर, तिचे कागद पसरलेले असल्यासारखी.