पेंडसेंची रडकी, मेंडोंसाची नाचरी

दुकानात मालापेक्षा किस्से जास्त साठतात, आणि किश्शांवर सेलही लावता येत नाही! माझं कल्याणला शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान. एकदा एक गृहस्थ ग्रामोफोनच्या पिना विचारत आले. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही, म्हणून मागवून दिल्या. तेव्हापासून जुन्या रेकॉर्ड जमवणारी मंडळी रविवारी माझ्याच काउंटरवर. विषय ठरलेला: शंभरेक वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या, जॅझ गाणाऱ्या बायका. चहा माझा, मतं त्यांची!

*

आंबिवलीच्या फडक्यांकडे एका गायिकेची रेकॉर्ड आहे. तिच्यावर पिन कधी टेकलेलीच नाही.

“आवाज कसा आहे हो बाईंचा?” मी विचारलं.

“निर्मळ! एक ओरखडा नाही.”

“ऐकलात कधी?”

“वेडा आहेस का? ऐकला असता तर निर्मळ राहिला असता?”

*

खरं भांडण डोंबिवलीचे पेंडसे आणि कोलशेतचा मेंडोंसा यांचं. दोघांकडे एकाच बाईची, तीच रेकॉर्ड. पेंडसे म्हणतात, जॅझमध्ये हिच्याइतकी दुःखी बाई झाली नाही.

मेंडोंसा उसळतो, “दुःखी? अहो, आमचे आजोबा लग्नात हिच्यावर नाचलेले!”

शब्दांवरून निकाल लागावा, तर तिचे ते उच्चार आणि वर रेकॉर्डची खरखर. दोघांनाही एक ओळ धड कळत नाही.

“पण माझे डोळे भरून येतात,” पेंडसे.

“माझे पाय हलतात,” मेंडोंसा.

मी म्हटलं, “एकमेकांच्या घरी जाऊन ऐका की!”

दोघांचं उत्तर एकच: “शंका त्याला आहे. त्यानं यावं!”

*

एकदा पिना द्यायला पेंडसेंकडे गेलेलो. रेकॉर्ड लागलेली, पेंडसे डोळे मिटून. वहिनींनी चहा ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “सर्दी झालीय हो तिला. हे त्याला व्यथा म्हणतात.”

*

माझ्या सुनेनं तेच गाणं मोबाइलवर शोधून काढलं. म्हटलं, मिटलं भांडण! पण दोघांनी दोन ओळी ऐकल्या आणि जन्मात पहिल्यांदा एकमत झालं: “हा मोबाइलचा आवाज. बाईचा नव्हे!”

*

मग डोंबिवलीच्या एका वाचनालयानं पेंडसेंना बोलावलं. याच बाईवर व्याख्यान, शेवटी रेकॉर्ड. पेंडसेंनी नवा झब्बा शिवला.

मेंडोंसानं जाहीर केलं, “मी पुढच्या रांगेत बसतो. बाई रडली नाही, तर सगळ्यांदेखत उठून सांगणार!”

पेंडसेंचा चेहरा उतरला. तो गेल्यावर मला म्हणाले, “आयुष्यात पहिल्यांदा कुणी बोलायला बोलावलंय रे. हसं नको व्हायला.”

ऐनवेळी ग्रामोफोन दगा देईल म्हणून त्यांनी तो माझ्याकडे आणला. उघडून बघतो तर स्प्रिंग पार थकलेली, त्यामुळे तबकडी सावकाश फिरत होती. मी नवी बसवली, ग्रीस घातलं आणि पेंडसेंसमोर रेकॉर्ड लावली.

बाई एकदम टुणटुणीत! शेजारचा टेलर दारात येऊन मान डोलवायला लागला.

पेंडसेंनी शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, “जुनी स्प्रिंग टाकलीस?”

“नाही.”

“बसव.”

कार्यक्रमाला हॉल भरलेला. पेंडसे छान बोलले. मग रेकॉर्ड लागली. बाई सावकाश, खोल आवाजात गायली. कुणी खोकलंसुद्धा नाही. संपताच पुढच्या रांगेतून मेंडोंसा उठला. पेंडसेंनी टेबलाची कड घट्ट धरली.

मेंडोंसानं रुमाल काढला, डोळे पुसले आणि म्हणाला, “पेंडसे, म्हणजे आमच्या घरी ही इतकी वर्षं खोटं खोटं हसत होती हो!”