पट्टेवाला हंस आणि समोरची सीट

पाइपाच्या दुकानात कापून उरलेले तुकडे साचतात. हात-दीड हाताचे. गिऱ्हाईक नेत नाही, मला फेकवत नाहीत. आमच्या रविवारच्या फेऱ्यांचे किस्से तसेच साचलेत. आज चार-सहा बाहेर काढतो.

आम्ही तिघं. मी अमरावतीचा, पाइप-मोटारपंपांचा दुकानदार. शाळा अर्धवट सुटली, पक्षी पन्नाशीनंतर चित्रं पाहून पाहून शिकलो. गजूभाऊ बडनेऱ्याचे, रेल्वेतून रिटायर. वानखडे सर अकोल्याचे, शाळेतून रिटायर. आणि चौथा भुऱ्या, माझा कुत्रा. थंडी पडली की दर रविवारी सर पहिल्या गाडीनं बडनेऱ्याला उतरतात आणि आम्ही नांदगाव पेठच्या पुढं एका तलावावर जातो. वऱ्हाडाला समुद्र नाही, पण नाला तलावाला मिळतो तिथल्या चिखलात परदेशी पाहुण्या पक्ष्यांची जत्रा असते!

गाडी माझी. पण मला चालवता येत नाही, माझी धाव स्कूटीपर्यंत. चालवतात गजूभाऊ, म्हणून ती उभी असते बडनेऱ्याला त्यांच्याच दारात. उरली त्यांच्या शेजारची सीट. तिच्यासाठी मीच एकदा नियम काढला : डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस हिवाळ्यात जो पहिल्यांदा दाखवेल, ती सीट होळीपर्यंत त्याची.

सलग पाच हिवाळे सीट सरांची! आणि माझ्याच गाडीत मागं, कुत्रा मांडीवर घेऊन, मी!

*

दुसऱ्या हिवाळ्यात मी मोठी दुर्बीण घेतली. सरांच्या दुर्बिणीपेक्षा वीतभर लांब. पहिल्याच रविवारी पाण्याच्या मधोमध काहीतरी निळसर डुलताना दिसलं. हलत होतं, पण उडत नव्हतं.

"सर, नवीन जात आहे! बदकाहून मोठी!"

सरांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणाले, "शेठ, हा पक्षी तुमच्याच दुकानातला आहे."

पाण्यातली मोटार तरंगती ठेवायला लावतात तो प्लास्टिकचा ड्रम. मीच विकलेला! गजूभाऊ तेव्हापासून प्रत्येक ड्रमला विचारतात, "शेठ, याची वॉरंटी किती?"

*

तलावाकाठी एका बाईंची भाजीची वाडी आहे. एकदा त्या मेथीची जुडी घेऊन गाडीजवळ आल्या. समोर सर बसलेले. जुडी त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "घ्या साहेब, ताजी हाये."

सर भला माणूस. म्हणाले, "मागं आमचे शेठ आहेत, त्यांनाही द्या."

बाईंनी मागं वाकून पाहिलं. मी, मफलर, मांडीवर भुऱ्या.

"अवो साहेब," बाई म्हणाल्या, "कुत्रं सांभाळाले एवढा मोठा गडी ठेवला तुमी?"

*

भुऱ्याचंच सांगतो. दोन वेळची पोळी माझ्या घरची. पण बडनेरा स्टेशनाबाहेर सर दिसले की गाडीच्या खिडकीतून उडी मारतो! सर खिशातून ग्लुकोजचं बिस्किट काढतात, हा त्यांच्या बुटावर डोकं ठेवतो. माझ्या बुटावर आजवर त्यानं फक्त पाय वर केला आहे.

घरी येऊन मी बायकोपाशी कुरकुरलो. "काहून जात असंन तो सरांकडंच?"

ती मेथी निवडत होती. सरांनीच दिलेली. म्हणाली, "मुक्या जीवाले माणूस समजते."

*

चौथ्या वर्षी मी सरांना शनिवारी फोन केला. "सर, उद्या येऊ नका. गाडी बिघडली." बेत असा, की गजूभाऊंना घेऊन दोघंच जायचं, हंस आपण दाखवायचा.

सर म्हणाले, "काही काळजी करू नका, शेठ."

सकाळी बडनेऱ्याला सर उतरले ते अकोल्याचा मेकॅनिक सोबत घेऊनच! त्यानं बोनेट उघडलं, इंजिन चालू केलं, बंद केलं, हात पुसले.

"गाडी एकदम ओके हाये," तो म्हणाला. "मालकाले एकदा दाखवून घ्या."

*

मागच्या हिवाळ्यात मात्र मी पक्कं ठरवलं. शनिवारीच गुपचूप जायचं, हंस कुठं उतरलेत ते पाहून ठेवायचं आणि रविवारी गाडी थांबताच बोट दाखवायचं. घरी सांगितलं, रिद्धपूरला पाइपाचं काम आहे. स्कूटीवर भुऱ्याला पायाशी बसवलं, फाट्यावरच्या टपरीत चहा घेतला आणि तलाव गाठला.

नाल्याच्या तोंडाशी हंस! मोजले. अकरा! छाती फुगली.

तेवढ्यात भुऱ्या सुटला. सरळ बेशरमाच्या झुडपात घुसला. बाहेर नुसती शेपटी, जोरजोरात हलणारी. जाऊन पाहतो तर आत वानखडे सर! गळ्यात दुर्बीण, हातात बिस्किट.

"सर? तुमी?"

"आज... रविवार नाही का, शेठ?"

"पाचही वर्षं रविवारच वाटला काय तुमाले?"

सरांनी बिस्किट भुऱ्यापुढं धरलं. मग म्हणाले, "चार. पहिल्या वर्षी खरंच दिसला होता."

तिथंच हात मिळवले. उद्या दोघांनीही हंस दाखवायचा नाही. एकानं तोंड उघडलं, की दुसऱ्यानं बिंग फोडायचं.

रविवारी हे दाट धुकं! दहा पावलांवरचं झाड दिसेना. जागा आम्हा दोघांना पाठ. सर चष्मा पुसतायत, मी बुटाची लेस बांधतोय. आणि गाडी नीट थांबायच्या आत गजूभाऊंनी काचेतून धुक्यात बोट रोखलं.

"ते पाहा! नाल्याच्या तोंडाशी! पट्टेवाले! अकरा!"

तासाभरानं धुकं उठलं. अकराच.

"मी तं समोरच बसतो," गजूभाऊ म्हणाले. "माह्या हक्काची सीट भुऱ्याले दिली."

परतताना समोर भुऱ्या, मागं सर आणि मी. फाट्यावर चहा घ्यायला गाडी थांबवली. टपरीवाला ग्लास घेऊन खिडकीशी आला, आत वाकून तिघांना पाहिलं आणि हसला.

"काय भाऊ, काल तिघंबी अलग-अलग आलते, आज एकाच गाडीत?"

गजूभाऊंनी काच वर घेतली.

"भुऱ्या, नीट बस बाप्पा. भल्ली थंडी हाये."