बुधवारचा भोंगा

मी भित्री आहे, हे आमच्या केटरिंगच्या किचनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. वारा सुटला की माझा जीव खाली-वर होतो, त्यावरून चेष्टाही होते. होऊ दे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, बरोब्बर बाराला बाहेर भोंगा सुरू झाला. मी पोळ्या भाजत होते. काकू, म्हणजे आमच्या मालकीणबाई, पुरण वाटत होत्या. त्यांची कॉलेजातली लेक डबे भरत होती.

"टेस्ट आहे गं," काकू म्हणाल्या. "पहिला बुधवार."

इथे टेक्ससमधल्या फ्रिस्कोत दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी टोर्नेडोच्या भोंग्याची टेस्ट असते. कुणी मानही वर करत नाही. पण त्या दिवशी आभाळ सकाळपासून गच्च होतं. किचन तपासायला आलेल्या अग्निशमनवाल्याला मी एकदा मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं होतं, टेस्टच्या वेळीच खरं वादळ आलं तर कळणार कसं? तो हसला नाही. म्हणाला, हवा खराब असली की आम्ही टेस्ट कॅन्सल करतो.

"काकू, ही टेस्ट नाही."

"तू काय वेधशाळा आहेस? वीस वर्षं राहतेय मी इथे. पोळी करपतेय, ती बघ."

आठवीत शाळा सुटलेली मी. थँक्यूच्या पुढे इंग्रजी येत नव्हतं, तेव्हा काकूंनी मला कामावर घेतलं. दुसऱ्या कुणी दारातही उभं केलं नसतं. त्यांचा शब्द मी कधी मोडला नव्हता, आणि हे काम गेलं तर दुसरं कोण देणार होतं? तरी चारही बर्नर बंद केले.

"पेटव," काकू म्हणाल्या.

"नाही पेटवणार. वॉक-इनमध्ये चला. शिव्या तिथे घाला."

वॉक-इन म्हणजे आमचा खोलीएवढा फ्रीज, इमारतीच्या मधोमध, बिनखिडकीचा.

"मॉम, प्लीज! बाहेर बघ ना," लेक म्हणाली. काकू हलेनात. मी पिठाच्या हातांनी त्यांचं कोपर धरलं आणि ओढलं. मालकिणीला! आत शिरून दार लावतो न लावतो, तोच छपरावर गारांचा भडिमार सुरू झाला. मग लाइट गेले. कोथिंबिरीच्या खोक्यांना टेकून आम्ही तिघी कुडकुडत उभ्या होतो.

बाहेर आलो तर किचन होतं तसं होतं. टोर्नेडो उत्तरेच्या मोकळ्या रानातून निघून गेला होता. ऑफिसातल्या खणात ठेवलेल्या आमच्या फोनांवर इशारे येऊन पडले होते.

"बघ, झालं काही?" काकू म्हणाल्या.

"नाही झालं. पण पुढच्या वेळीही मी गॅस बंद करीन. तुमचे उपकार आहेत माझ्यावर, म्हणून तर करीन. कामावरून काढायचं तर आत्ता सांगा, हात धुऊन निघते."

मी त्यांच्यावरची नजर हटवली नाही.

लाइट आले. काकूंनी लायटर उचलला, पहिला बर्नर स्वतः पेटवला. "ऑर्डरी उशिरा निघतील, मी फोन करून सांगते लोकांना," त्या म्हणाल्या. "तू लाटायला घे."

मी लाटणं उचललं. पोळी वेडीवाकडी झाली. तीही तव्यावर टाकली.