सरसूताईला शेंदूर कोणी चारला

सरसूताई गेल्याचं मला तिच्या सुनेने, ठकूने, येऊन सांगितलं. मी तांदूळ निवडत होते. ठकू दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, आई बोलत नाहीत हो..." मी उठले तेव्हा सूप पालथं झालं, तांदूळ खोलीभर झाले. आमच्या गिरगावच्या चाळीत तिची खोली आणि माझी खोली एका भिंतीला लागून. तिकडे कढईत पळी वाजली तरी मला कळायचं. त्या सकाळी मात्र काहीच वाजलं नव्हतं.

सवाष्ण गेली म्हणून बायांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. "भाग्याची हो, नवऱ्याच्या आधी गेली," असं जी ती म्हणत होती. मी कुंकू लावायला वाकले तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "रोज दुपारी विडा हीच देत होती ना?" मी मागे पाहिलं नाही. पण आवाज ओळखला. समोरच्या खोलीतल्या भीमाबाईचा.

हे विड्याचं असं. सरसूताईचा गळा फार गोड होता. बारसं असो की मंगळागौर, तिच्यावाचून अडायचं. मी लाजरी, चारचौघींत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मी तिच्यामागे बसून नुसती मान हलवायची. आणि भीमाबाईही गायची, पण सरसूताई आली की तिला कुणी विचारत नसे. पुढे सरसूताईचा आवाज बसत चालला. आधी खरखर, मग घोगरा, मग तर बोलली तरी कान द्यावा लागे. आपल्या लोकांत समज आहे की कुणाचा गळा बसवायचा असेल तर वैरी विड्यातून शेंदूर चारतात. त्यामुळे चाळीत कुजबुज सुरू झाली. मला भीमाबाईचा संशय, भीमाबाईला माझा. नळावर दोघी एकमेकींच्या हंड्याकडे बघत उभ्या राहायचो. सरसूताई मात्र माझा विडा तोंडात घालून घोगऱ्या आवाजात म्हणायची, "अगो कृष्णे, शेंदूर घालायचास तर थोडा कातही घाल, आज विडा रंगला नाही."

अशी होती ती. कशाचीही थट्टा करायची. भुलेश्वराकडच्या एका दुकानदाराच्या कुंकवाच्या पुड्या ती घरी बांधून द्यायची. आधी आधी कुंकूही तीच करायची, हळकुंडं लिंबाच्या रसात आणि सवागीच्या खारात भिजवून, वाळवून, कुटून. मग त्या दुकानदार शेटने तयार कुंकू पाठवायला सुरुवात केली. लालभडक, मऊसूत. बायका खुळावल्या त्या रंगाने. "आपलं घरचं कुंकू याच्यापुढे विटेच्या भुग्यासारखं दिसतं गो," असं म्हणून तिने आपली जुनी परात माळ्यावर टाकली. दिवसभर भिंतीला पाठ लावून ती पुड्या बांधत बसायची. हात कोपरापर्यंत लाल, नाकपुड्या लाल. मी हसले की म्हणायची, "लोकांची होळी वर्षातून एकदा, माझी रोज!"

पुडीचे कागद एकाला एक चिकटून असायचे. ते सुटे करायला ती बोट जिभेला लावायची. कागद उचलायचा, कुंकू भरायचं, मुडपायचं, की पुन्हा बोट जिभेला. सांडलेल्या कुंकवाला केरसुणी लावायची नाही, त्यावर पाय पडू द्यायचा नाही, हे तर आपण सगळ्याच पाळतो. ती ते ओल्या बोटाने टिपून घ्यायची, कपाळाला लावायची आणि तेच बोट पुन्हा तोंडात. मी हे इतक्यांदा पाहिलं होतं की पाहिल्यासारखंही वाटत नसे.

मग तिच्या पोटात कळा येऊ लागल्या. अशा की ती वरवंटा पोटाशी धरून बसायची. तोंड पांढरंफटक पडलं. हिरड्यांच्या कडेला काळसर रेघ उठली. वैद्य म्हणाले, मिशेरी लावणं सोडा. ती म्हणाली, "मिशेरी माझ्या सात पिढ्यांत कुणी लावली नाही." वैद्यांनी मग वात सांगितला. शेवटी तिची मनगटं लोंबायला लागली, घास उचलेना. मी भरवायची. भीमाबाई दारातून बघायची आणि निघून जायची... ते बघणं मला फार लागायचं.

दिवसवार झाले आणि शेटचा माणूस पुन्हा पोतं टाकून गेला. सरसूताईच्या जागी आता ठकू बसली. सोळा-सतरा वर्षांची पोर, त्यात पोटुशी. एके दुपारी तिने मला हाक मारली. "काकू, ही आईंच्या हातची पुडी राहिली होती. सवाष्णीच्या हातची, भाग्याची. तुम्ही ठेवा." मी पुडी घेतली आणि माझा हात थोडा खाली गेला. एवढीशी पुडी, एवढी जड? माझा करंडा मी घरच्या कुंकवाने भरते, तो असा कधी लागला नव्हता. असं जड काय असतं ते मला ठाऊक होतं, पण आठवेना. ठकू कागद उचलत होती. तिने बोट जिभेला लावलं. आणि मला आठवलं... शनिवारी मारुतीसाठी शेंदूर आणतो, ती पुडी अशी लागते. दिसायला चिमूटभर, हाताला दगड.

मी घरी येऊन दोन वाट्यांत पाणी घेतलं. एकीत माझं कुंकू टाकलं, एकीत पुडीतलं. माझं पाण्यावर तरंगत राहिलं, मग सावकाश पिवळट लाल होत पसरलं. पुडीतलं सरळ तळाला गेलं आणि तिथेच बसलं. म्हणजे सरसूताईला शेंदूर चारला होता हे खरं. विड्यातून नाही. तिच्याच बोटाने.

आता हे सांगायचं कसं? ज्या बाईवर विड्याचा संशय आहे तिनेच उठून म्हणायचं की दोष कुंकवाचा आहे. कोण ऐकेल? वर सौभाग्याच्या वस्तूवर आळ घेतला म्हणून बोलणी. मी गप्प बसले असते. पण भिंतीपलीकडून कागदाची सळसळ ऐकू यायची, आणि दर सळसळीला त्या पोरीचं बोट माझ्या डोळ्यांपुढे यायचं.

सरसूताईचे यजमान, नाना, गिरणीतून आले तशी मी करंडा घेऊन गेले. भीमाबाई तिथेच दाराशी होती. शेटही नेमका माल बघायला आलेला. परत फिरावंसं वाटलं. तरी जमिनीकडे बघत बोलले, की या कुंकवात शेंदूर आहे. शेट हसला. "बाई, कुंकवावर संशय घेता? जीभ झडेल." नाना म्हणाले, "कृष्णाबाई, विडा तुम्ही देत होता. कुंकू तर चाळभर लावतात, कुणाला काही झालं नाही."

"लावतात, नाना. खात नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तुम्ही दर शनिवारी मारुतीला शेंदूर लावता. डोळे मिटा आणि हात पुढे करा." ते का तयार झाले ते मला अजून कळलं नाही. मी एका तळव्यावर माझ्या करंड्यातलं चमचाभर कुंकू ठेवलं, दुसऱ्यावर तेवढंच पोत्यातलं. ते तसेच उभे राहिले. एक हात जरा खाली आला, त्यांनी तो वर केला, पुन्हा खाली आला. डोळे न उघडताच ते म्हणाले, "ठकू, ऊठ तिथून. हात धू. चूळ भर."

"अहो नाना, रंग चढावा म्हणून सगळेच थोडं घालतात," शेट बोलून गेला आणि लगबगीने पोत्याचं तोंड बांधू लागला. भीमाबाईने पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, आता ती माझ्याशी बोलेल. ती म्हणाली, "गायला बसायची तेव्हा पुड्या बाजूला ठेव, घशात भुकटी जाते, म्हणून मीच सांगायची हो तिला..." आणि रडायलाच लागली. इतक्या वर्षांत तिला रडताना मी पाहिली नव्हती.

पोतं गेलं. कुठे गेलं? बहुधा पुढच्याच गल्लीत, दुसऱ्या कुणाच्या सुनेकडे. नानांनी मला 'चुकलो' असं म्हटलं नाही, चाळीतही अजून दोघीतिघी माझ्या हातचा विडा घेत नाहीत. मी मराठी चौथीपर्यंत शिकलेली, वैद्यकी मला कळत नाही. पण आता बाजारातली कुठलीही डबी हातात आली की मी आधी ती तोलून बघते. काजळ, दंतमंजन, बांगडीवालीकडचं तोंडाला लावायचं पांढरं... जे फार सुंदर दिसतं त्याचं मला भय वाटतं.

सरसूताई जिथे पाठ टेकून बसायची तिथे भिंतीवर तिच्या पाठीएवढा लाल डाग होता. नानांनी भिंतीला चुना दिला. वाळला की डाग वर आला. पुन्हा दिला, पुन्हा आला, थोडा फिकट, पण तिथेच. परवा ठकू पाळण्याचा दोर घेऊन खोलीभर बघत उभी होती. "काकू, पाळणा इथे टांगू का? उजेड चांगला येतो."

मी भिंतीला हात लावला. तळवा लाल झाला नाही. तरी म्हटलं, "इथे नको गो. इथे ती बसलेली आहे."

ठकू दोर घेऊन दाराजवळच्या कडीकडे गेली.