मार्केटकाका आणि गिरणीचं गाव

मार्केटकाका दुकानात गेले की आधी काही घ्यायचेच नाहीत. हात पाठीमागे बांधून, ब्रेडच्या नाहीतर दुधाच्या भरलेल्या फळ्यांसमोर देवळात उभं राहावं तसे उभे राहायचे. मग एक छोटा ब्रेड उचलायचे. एकट्या माणसाला तो आठवडाभर पुरायचा.

नेपरव्हिलच्या आमच्या मराठी मंडळात नवीन आलेले लोक नाव ऐकून त्यांना शेअर्सबद्दल विचारत. काका हसत. "अहो, त्यातलं मला काही कळत नाही. माझं मार्केट वेगळं." सोव्हिएत संघ फुटल्यावर जे देश सरकारी कारभार सोडून खुल्या बाजाराकडे निघाले, त्यांना सल्ला द्यायला ते वर्षानुवर्षं हिंडले होते. कुठल्या किमती मोकळ्या करायच्या, कुठले कारखाने विकायचे, कुठले बंद करायचे. रिकाम्या दुकानांपुढच्या रांगा त्यांनी पाहिल्या होत्या. "दुकान भरलं की देश सावरला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पूर्वी गणपतीत लोक भोवती बसून ऐकायचे म्हणे. मी आले तोवर ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. काकू गेल्या होत्या, मुलगा डॅलसला. नातू फोनवर "आय ॲम गुड, आजोबा" एवढं म्हणून फोन बाबांकडे द्यायचा.

बर्फावर एकदा गाडी घसरली तेव्हापासून त्यांनी ड्राइव्ह करणं सोडलं. मी शेजारीच राहायचे, काम घरूनच. त्यामुळे दर गुरुवारी दुपारी त्यांना लायब्ररीत न्यायचं-आणायचं माझ्याकडे आलं. देशोदेशींहून आलेल्या लोकांकडून ते तिथे इंग्रजी बोलण्याचा सराव करून घेत.

तिथे त्यांना आयनुरा भेटली. किर्गिझस्तानची, त्यांच्याच वयाची, ट्रक चालवणाऱ्या मुलाकडे राहायला आलेली. काकांचं गंजलेलं रशियन बाहेर निघालं. "आज पोट दुखेपर्यंत हसलो गं," ते गाडीत म्हणाले. "ती म्हणते, तुम्ही सरकारी फलकासारखं बोलता!" गुरुवारी काका इस्त्रीचा शर्ट घालायला लागले.

मग एका गुरुवारी गाडीत बसले ते नुसतेच बसून राहिले. बेल्टही लावला नाही.

"काय झालं, काका?"

"ती लोकरीच्या गिरणीत रंगखात्यात होती," ते म्हणाले. "गिरणी बंद झाली तसा नवरा खिडकीशी बसला, दारू प्यायला लागला, गेला. हिने बाजारात बूट विकून मुलाला शिकवलं. आज मला म्हणाली, तुम्ही आमच्या देशात होतात ना, आमचं गाव पाहिलंत का?"

"मग?"

"पाहिलंय म्हटलं. ती गिरणी बंद करा असं लिहिणाऱ्यांत मी होतो, तेही सांगितलं."

"कशाला सांगितलंत, काका? तिला कुठून कळणार होतं?"

"तिने विचारलं होतं गं." बेल्ट ओढत ते म्हणाले, "गिरणी तोट्यातच होती. आजही मी तेच लिहीन. पण त्या गावात मी जेमतेम एक दिवस होतो. कुणाच्या घरी पाणीसुद्धा प्यायलो नाही."

पुढच्या गुरुवारी आयनुरा दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. त्याच्या पुढच्याही. काका आपल्या टेबलाशी, कोणी नवीन आलं तर बोलत. नाहीतर खिडकीबाहेरचा बर्फ बघत. मी एकदा म्हटलं, "आज कॅन्सल करू या का?"

"नको. नाही गेलो तर तिला वाटेल, पळाला."

बर्फ वितळला तोवर त्यांचे गुडघे पार गेले. मुलाने घर विकून त्यांना डॅलसला न्यायचं ठरवलं. शेवटच्या गुरुवारी मी त्यांना घ्यायला आत गेले. सगळ्यांचा निरोप झाला होता. काका कोटाची बटणं लावत होते, एक बटण भलत्याच काजात गेलं होतं.

आयनुरा उठून आली. तिने ते बटण सोडवलं, नीट लावलं. मग तुटक इंग्रजीत विचारलं, "तिथे थंडी?"

"नाही," काका म्हणाले. "तिथे ऊन असतं."

"बरं," ती म्हणाली आणि आपल्या टेबलाकडे परत गेली.

गाडीत, घराच्या वळणावर काकांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोलली गं माझ्याशी."