तीन रंगांच्या गोळ्या

मागच्या मंगळवारी आईला घेऊन वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात गेले होते. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्या होत्या. मला मात्र डॉक्टरांच्या तोंडून फक्त एवढंच वदवून घ्यायचं होतं की ऑपरेशनची गरज नाही आणि दादा चुकतोय...

आम्ही तिघं भावंडं. दादा नागपूरला, मी वर्ध्याला लागून पिपरी मेघेत, धाकटी वैशाली हिंगणघाटला. आई वडनेरला एकटी राहते, अजून रोज शेतात जाते, आणि तिचे गुडघे, मान, डोकं असं सगळंच दुखतं हे आम्ही कित्येक वर्षं ऐकत आलोय.

आम्ही तिघांनी आई वाटून घेतली होती म्हणा ना. दादाच्या ओळखीचे हाडांचे डॉक्टर, म्हणून गुडघे त्याचे. मी स्वतः मानेला पट्टा बांधून ऑफिसात बसणारी, म्हणून मान माझी. वैशालीला अर्धशिशी, म्हणून डोकं तिचं. गावाला जाताना लोक केळी-बिस्किटं नेतात, आम्ही त्याशिवाय आपापली गोळ्यांची पट्टी न्यायचो.

या दिवाळीनंतर आईला उठता-बसता येईना, तेव्हा भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुंपली. दादा म्हणे ऑपरेशन, मी म्हणे फिजिओथेरपी, वैशाली म्हणे मालिश आणि पंचकर्म. मी तर चक्क एक्सेलमध्ये तक्ता करून टाकला... उपचार कोणता, दिवस किती, धोका काय, सोबत कोण राहणार. शेवटच्या रकान्यात तिघांनीही काही भरलं नाही, ते जाऊ द्या.

आणि खरं सांगू? प्रत्येकाला आतून खात्री होती की आईला जो काही आराम पडतो तो आपल्याच गोळीने. आईच तसं म्हणायची. फोन केला की, "तुह्या गोळीनं लय बरं वाटते वं." हे मी वैशालीला मुद्दाम ऐकवायचे सुद्धा. तिलाही आई तेच सांगते हे मला मंगळवारी तिला फोन केला तेव्हा कळलं.

डॉक्टर बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला आणि आईला विचारलं, घरी कोणत्या गोळ्या घेता? आईने पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढला.

"हे गुलाबी गुडघ्याची. हे पिवळी मानीची. अन् हे पांढरी डोस्क्याची," आई बोटाने दाखवत म्हणाली. "सकाळी, दुपारी अन् झोपताना. एक दिवस चुकवत नाई मी." शाळेत पाढे न अडखळता म्हणून दाखवणाऱ्या पोरीसारखी ती बाईंकडे बघत होती.

बाईंनी तिन्ही पट्ट्या उलट्या करून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे तिन्ही एकच औषध आहे. कंपन्या फक्त वेगळ्या."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं... आईला वाटत होतं गुडघ्याची गोळी गुडघ्यात जाते, मानेची मानेत. तिचं जाऊ द्या, मलाही बहुतेक तसंच वाटत असावं. एवढी वर्षं ती रोज तिप्पट डोस घेत होती आणि किडनीवर त्याचा परिणाम झाला होता. डोकेदुखी सुद्धा बहुधा रोजच्या गोळ्यांमुळेच हटत नव्हती, असं बाई म्हणाल्या.

ऑपरेशन सध्या थांबलं. दुखण्याच्या गोळ्या बंद. आता किडनीच्या डॉक्टरांकडे जायचं, आणि झालेलं नुकसान किती भरून येईल ते आज कुणीच सांगू शकत नाही.

बाहेर येऊन मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "तू तं माह्यापेक्षा जवळ राह्यते, तुले नाई दिसलं?" त्यावर मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. न विचारता पट्टी काढून देणाऱ्या मेडिकलवाल्यावरही मनात भरपूर तोंडसुख घेतलं... पण त्याच्यासमोर स्वतःची जुनी चिठ्ठी नाचवून आईसाठी गोळ्या घेणारी बाई मीच होते. एम.ए. झालेली. पट्टीच्या मागे काय छापलंय ते एकदाही न वाचणारी. माझ्या त्या तक्त्यात जगातले सगळे उपचार होते, आई आज काय घेते एवढंच नव्हतं.

आणि एवढं होऊन मी चिडले कुणावर? आईवर. बाकावर तिच्या शेजारी बसून म्हटलं, "माय, रोजच्या रोज तिन्ही काऊन घेत होती? दुखलं तं घ्याची ना!"

आईने गोळ्यांचा डबा पिशवीत खाली सारला.

"मान तं कवाचीच बरी झालती," ती म्हणाली. "दोन साल झाले. पण तू एवढ्या दुरून उन्हातान्हात गाडीवर घेऊन येते. नाई घेतली तं तुले वाईट वाटन, म्हणून घेत राह्यली."

दोन वर्षं... माझं मन राखायला तिने रोज एक गोळी गिळली. तुम्हीही आईसाठी गोळ्या नेत असाल, तर आधी तिच्याजवळ बसून एवढंच विचारा, अजून दुखतंय का. मी एकदाही विचारलं नव्हतं.